नगर नसलेल्या गावातली नगरफेरी

पाऊस ओसरला, धान पिवळे पडू लागले आणि सकाळी गवतावर दव दिसू लागले की आमच्या झाडीपट्टीत घरोघरी एकच उद्योग सुरू होतो. पावसाच्या झडीने भिंतींची बुडे खाल्लेली असतात, ओसरीची कड ढासळलेली असते, चुलीमागची भिंत काळवंडलेली असते. मग माती कालवली जाते, तिच्यात शेण आणि तणीस मिसळले जाते, भिंती लिंपल्या जातात आणि वरून पांढऱ्या मातीचे पोतेरे फिरते. शहरातला माणूस दिवाळीला दिव्यांचा सण म्हणतो. मातीच्या घरात जन्म काढलेल्या बाईला विचारा. ती म्हणेल, हा आधी डागडुजीचा सण, दिवे मागाहून. दिवा लावायचा तो दुरुस्त झालेल्या भिंतीपाशी, अशी त्यामागची साधी समजूत आहे.

या डागडुजीला इतिहास आहे. आपली पुस्तके इमारत कोणी बांधली, केव्हा बांधली आणि कोणी पाडली एवढे सांगून थांबतात. बांधणे आणि पाडणे यांच्यामधली जी शे-दोनशे वर्षे ती इमारत उभी राहिली, ती कोणाच्या हातांनी, हे बहुधा कोणी सांगत नाही. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तोही चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगली जिल्ह्यांत. तेव्हा अलीकडे 'शाश्वत वास्तुरचना' असा एक भारदस्त विषय मुलांना समजावून देण्याची पाळी आली, तेव्हा मी या मधल्या वर्षांपासूनच सुरुवात करायची ठरवली.

पुण्यामुंबईत हा विषय शिकवण्याची एक चांगली रीत पडली आहे. जाणता माणूस मुलांना घेऊन जुन्या पेठांतून हिंडतो. हा वाडा पाहा, हा चौक पाहा, या जाळीतून वारा कसा येतो तो पाहा, असे दाखवीत जातो. फळ्यावर चार तास घालवून जे कळत नाही ते एका फेरीत कळते. पण माझी मुले होती हेमलकसा-भामरागडच्या बाजूची. तेथे पेठ नाही, वाडा नाही, चौकही नाही. नगरच नाही, मग नगरफेरी कुठली काढायची?

हेमलकसा पाहिलेले वाचक थोडे, पण नाव ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. आलापल्लीहून साठ-पासष्ट किलोमीटर जंगल तुडवीत गेले की हे गाव लागते, आणि पुढे जवळच भामरागड, जेथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्या एकमेकींना भेटतात. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे झोपडीत राहून रोगी तपासू लागले. 1976 साली शाळा निघाली. 2008 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या दवाखान्याच्या आणि शाळेच्या पलीकडे जी माडिया गोंडांची गावे आहेत, त्यांतली घरे कशी उभी आहेत, याकडे मात्र पाहुण्यांचे लक्ष क्वचितच जाते. माझी पहिली फेरी मी त्याच गावांतून काढली.

चालत चालत नगर वाचण्याची ही कल्पना माझी नाही, नवीही नाही. पॅट्रिक गेडीस नावाचा एक स्कॉटिश प्राध्यापक 1914 साली आपल्या देशात आला. मूळचा तो वनस्पतिशास्त्रज्ञ. शहरालाही तो झाडासारखेच जिवंत मानी. नकाशा काढण्याआधी गल्लीबोळांतून पायी हिंडावे, कोणती विहीर वाहती आहे, कोणत्या ओट्यावर बायका बसतात, कोणते झाड सावली देते हे टिपावे, आणि मगच पेन्सिल उचलावी, असा त्याचा दंडक होता. त्या काळचे इंजिनिअर सरळ रस्त्यासाठी वस्त्याच्या वस्त्या पाडत. हा म्हणे, रोग्याचा पाय कापण्याआधी गळू फोडून पाहा. एखादे पडके घर काढा, तेथे झाड लावा, बाकीची घरे दुरुस्त करा. 1919 साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या विषयांचा पहिला प्राध्यापक झाला. आपले गो. स. घुर्ये त्याच्याच वर्गातून पुढे आले.

दिवाळीच्या वाचकांनी या गृहस्थाची आठवण ठेवावी याचे आणखी एक कारण आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस होळकरांच्या इंदुरात प्लेग होता आणि गेडीस तेथे नगररचनेचा अहवाल लिहीत होता. नकाशा घेऊन फिरणाऱ्या या साहेबाला पाहून लोक घाबरत. हा आला म्हणजे घर पडले असे त्यांना वाटे. तेव्हा त्याने दरबाराकडून एका दिवसाचे राजेपण मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक काढली. अट एवढीच की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्लीत सर्वांत जास्त घरे झाडून-दुरुस्त करून ठेवली असतील तिच्यातूनच जाईल. मग काय विचारता! गल्ली गल्लीशी चढाओढ करू लागली आणि गाड्याच्या गाड्या कचरा गावाबाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगचा अवाढव्य उंदीर होता, नवे कपडे घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते, आणि शेवटी रावणाबरोबर तो उंदीरही जाळण्यात आला. नगररचनेच्या इतिहासात मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. त्या साहेबाने नवे काही बांधले नाही. लोकांच्या हातात जी डागडुजीची सवय होती, तिलाच त्याने पालखीत बसवले.

आता आमच्या फेरीकडे वळू. हेमलकशाजवळच्या एका माडिया गावात आम्ही सकाळीच शिरलो. मुले त्याच मुलुखातली, त्यामुळे त्यांना आधी हसू आले. "सर, इथं काय पाहायचं? हे तर आपलंच घर!" मी म्हटले, पाहायचे नाही, विचारायचे. आणि प्रत्येक घरापाशी मी तीन प्रश्न विचारायला लावले. हे सामान कोठून आले? ते तयार करायला किती लाकूड किंवा कोळसा जळला? आणि मोडले तर दुरुस्त कोण करणार?

पहिल्याच घरापाशी वह्या भरल्या. खांब गावाच्या रानातले. भिंत कुडाची, म्हणजे बांबू चिरून त्याच्या कामट्या विणायच्या आणि दोन्ही अंगांनी माती लिंपायची. छपराला कोठे गवत, कोठे कवेलू. बांधायला साल आणि वेली. धान्याची मोठी कणगी बांबूचीच, वरून शेणाने लिंपलेली. अंगणाभोवती बांबूचे कुंपण, कोंबड्या आणि डुकरांसाठी निराळा आडोसा. कवेलू सोडले तर काहीही भाजलेले नाही. दुसऱ्या प्रश्नासमोर मुलांनी 'शून्य' असे लिहिले आणि गणितात पहिल्यांदाच शून्य मिळाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसला. तिसऱ्या प्रश्नाला तर घरातल्या म्हाताऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. दुरुस्त कोण करणार म्हणजे? ज्याचे घर तो, आणि खांब बदलायचा असेल तर सारे गाव!

त्या म्हाताऱ्याकडून मुलांना एक गोष्ट नव्याने कळली. माडियांची गावे पूर्वी फिरत्या शेतीबरोबर जागा बदलीत. जमिनीचा कस गेला की गाव उठे. मागे राहिलेली घरे दोन-चार पावसाळ्यांत मातीला मिळत, खांबांना वाळवी लागे, आणि त्या जागी पुन्हा रान वाढे. जमीन जशी घेतली तशी परत करायची, असाच तो हिशेब होता. म्हणजे घर फार दिवस टिकू नये, हाच त्या बांधणीतला शहाणपणा. मग या लोकांना कायमचे असे काही बांधताच येत नव्हते की काय? गावाच्या कडेला गेल्यावर याचे उत्तर मिळाले. तेथे मेलेल्यांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या शिळा होत्या; काही माणसाहून उंच. असा दगड ओढून आणून उभा करू शकणारा समाज दगडाचे घर बांधू शकला नसता, असे कोण म्हणेल? त्याने ठरवून जिवंत माणसाला मातीत ठेवले आणि त्याच्या आठवणीला दगडात.

दुपारी आम्ही गोटुलात टेकलो. गोटुल म्हणजे गावाची सामायिक वास्तू. तरुणांची, पाहुण्यांची, पंचांची. व्हेरिअर एल्विन यांनी 1947 साली बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून बाहेरच्या लोकांना या वास्तूविषयी भलतेच कुतूहल आहे. मला त्यात दिसते ते वेगळेच. गोटुल कोणा एकाचा नाही, म्हणून तो सर्वांनी मिळून शाकारायचा. आणि तो शाकारताना पोरे खांब कसा रोवायचा, गाठ कशी मारायची, छपराचा उतार किती ठेवायचा हे आपोआप शिकतात. ज्याला आपण आता प्रशिक्षण केंद्र म्हणू, ते या लोकांनी गावाच्या मध्यभागी केव्हाच बांधून ठेवले आहे.

येथवर सारे गोड चालले होते. पण त्या फेरीतली एक मुलगी, इतका वेळ गप्प असलेली, परत निघताना म्हणाली, "सर, तुम्ही तिसरा प्रश्न विचारता, पण उत्तर पुरुषांनाच विचारता. छप्पर बाबा बदलतात ते काही वर्षांनी. सारवायचं दर आठवड्याला असतं. माती आई आणते, शेण आई आणते, पाणीही आईच आणते. मला शिकून सिमेंटचंच घर पाहिजे." बाकीच्या मुलींनी माना हलवल्या. तिचे हे वाक्य मी तेथेच वहीत सर्वांना उतरून घ्यायला लावले, कारण या विषयातली खरी अडचण तिने एका दमात सांगितली होती. मातीचे घर हातांवर उभे असते हे खरे. पण ते हात कोणाचे?

दुसरी फेरी चंद्रपुरात व्हायची होती. वाटेत आलापल्लीचे सागाचे राखीव वन लागते. 'वनवैभव' म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि 2014 साली त्याला जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. माना मोडून वर पाहावे असे साग तेथे उभे आहेत. पुढे बल्लारपूर. या गावी गोंड राजांची चंद्रपूरच्या आधीची राजधानी होती. आज तेथे सागाचा मोठा आगार आहे आणि कागदाची गिरणी आहे. ही गिरणी 1945 सालची. मुलांच्या गावाकडला बांबू वर्षानुवर्षे ट्रक भरभरून येथे येत राहिला. आपल्या कुडाची कामटी आणि आपल्या वहीचे पान एकाच रानातून आले आहे हे कळल्यावर मुले वह्यांकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागली.

आणि मग चंद्रपूर. परंपरा अशी की खांडक्या बल्लाळशाह नावाच्या गोंड राजाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या; झरपट नदीकाठच्या एका कुंडाच्या पाण्याने तो बरा झाला, आणि तेथेच त्याने अचलेश्वराचे देऊळ बांधले. पुढे शिकारीत एक ससा उलटून राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. ज्या वाटेने तो धावला त्या वाटेवर राणीच्या सल्ल्याने परकोट घातला गेला. कथा कशीही असो, परकोट मात्र खरा आहे. तो पुरा व्हायला राजांच्या कित्येक पिढ्या लागल्या. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे; शिवाय बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर अशा पाच खिडक्या. नावे ऐकूनच मुलांनी ठरवले की फेरी चोर खिडकीवरून न्यायची!

दरवाज्यावर हत्तीला लोळवणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजचिन्ह. "हे आपल्याच लोकांनी बांधलं?" एका मुलाने विचारले. होय, गोंडांनीच. नावाला 'जंगली' म्हणून हिणवला जाणारा समाज एका बाजूला कुडाचे घर बांधीत होता आणि दुसऱ्या बाजूला घडीव दगडाचा असा परकोट, की ज्याच्या आत एक अख्खे शहर आजही नांदते आहे. पुढे अंचलेश्वर दरवाज्याजवळ राजा बीरशाहची समाधी पाहिली. ती राणी हिराईने बांधून घेतली. महाकालीच्या देवळाचा जीर्णोद्धारही तिचाच. समाधीपाशी उभे राहून मुलांनी आपण होऊनच आपल्या गावाकडच्या शिळांशी तिचा सांधा जोडला. आठवण दगडात ठेवण्याची रीत राजाकडे आणि रयतेकडे एकच होती.

परकोटावरून चालताना माझे तीन प्रश्न पुन्हा पुढे आले. दगड या मुलुखातलाच. चुना भाजायला लाकूड जळले, पण त्यानंतर शतके गेली. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र मी त्यांना थांबवले. 1751 च्या सुमारास चांद्याचे गोंड राज्य संपले आणि नागपूरकर भोसले आले. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून परकोटाला खिंडार पाडले आणि शहर जिंकले. पण या भिंतीचे नुकसान तोफांनी केले त्याहून पिंपळ-वडांच्या मुळांनी जास्त केले. राजा गेला, किल्लेदार गेला. भिंत कोणाचीच राहिली नाही. सांध्यात बी पडले, रोप आले, झाड झाले, चिरे सुटले. बुरुजांवर झुडपे माजली, कडेला कचऱ्याचे ढीग साचले. माडियाचे मातीचे घर दर दिवाळीला नवे होत होते आणि राजाचा दगडी कोट दर पावसाळ्यात ढिला होत होता.

ही भिंत पुन्हा हातांना लागली ती 2017 साली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात बंडू धोत्रे यांच्या 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणतरुणींनी कोयते, फावडी, टोपल्या घेऊन परकोट साफ करायला घेतला. सकाळी हे काम आणि मग ज्याचा तो धंदा-नोकरी, असा क्रम शेकडो दिवस चालला. ऑक्टोबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख केला तेव्हा साऱ्या देशाला चंद्रपूरचा किल्ला कळला. चंद्रपूरकरांना स्वतःलाही तो तेव्हाच नीट दिसला म्हटले तरी चालेल! साफ झालेल्या तटावरून मग वारसाफेऱ्या निघू लागल्या. आमच्या त्या स्पष्टवक्त्या मुलीला मी मुद्दाम सांगितले की या कामात मुलगे आणि मुली दोन्ही होत्या आणि टोपली कोणाच्या डोक्यावर द्यायची याचा नियम नव्हता. ती म्हणाली, "मग घरीही तसाच नियम करा." या उत्तराला माझ्यापाशी तोड नव्हती, आणि नसावीच.

फेरीचा शेवट जटपुरा दरवाज्यापाशी झाला. येथून उत्तरेकडे गेले की औष्णिक विद्युत केंद्र. त्याची शक्ती 2,920 मेगावॅट. तेथे बसून मी मुलांना सेवाग्रामची गोष्ट सांगितली. 1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. तेच पुढचे सेवाग्राम. तेथली बापूकुटी माती, बांबू आणि कवेलूंची. इंग्रज वास्तुविशारद लॉरी बेकर यांना तरुणपणी गांधीजी भेटले होते. आदर्श घराचे सामान पाच मैलांच्या आत मिळावे, हे त्यांचे म्हणणे बेकर यांनी मनात धरले आणि पुढे केरळात आयुष्यभर त्या वाटेने शेकडो घरे बांधली. मुलांना पाच मैलांचा नियम फार आवडला. पाच मैल म्हणजे सकाळी चालत जाऊन संध्याकाळी सामान घेऊन परत येता येईल एवढे अंतर. जुन्या माणसांची घरे या चालीनेच मोजलेली होती, आणि म्हणूनच ती चालत पाहिली तर कळतात.

पण मुले हुशार असतात. एकाने विचारले, "सर, घुग्घुसला सिमेंटचा कारखाना आहे, गडचांदूरला आहे, आवारपूरला आहे. चुनखडी इथली, कोळसा इथला. मग चंद्रपूरला सिमेंट हेच गावचं सामान झालं की!" अगदी बरोबर. म्हणूनच एक प्रश्न पुरत नाही, तीन लागतात. सिमेंटसाठी चुनखडी आणि माती सुमारे 1,450 अंशांपर्यंत तापवावी लागते. साधा चुना सुमारे 900 अंशांत भाजतो, आणि भिंतीत गेल्यावर हवेतला कर्बवायू पुन्हा बराचसा शोषून घट्ट होतो. साऱ्या जगात माणसाच्या उद्योगांतून जो कर्बवायू आकाशात जातो, त्यातले शंभरांत सात ते आठ भाग एकट्या सिमेंटचे आहेत. तेव्हा चंद्रपूरचे सिमेंट जवळचे खरे, पण त्याचा धूर चंद्रपुरापुरता राहत नाही.

आणि उष्मा? चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा 46-47 अंशांवर जातो हे वर्तमानपत्रांत आपण दर साल वाचतो. जाड मातीची भिंत दिवसाचे ऊन पोटात घेऊन ते आत पोचवायला रात्र करते, आणि तोवर बाहेर गार वारा सुटलेला असतो. पातळ भिंत आणि वर पत्रा किंवा उघडा स्लॅब असेल तर दुपारी भट्टी होते आणि रात्री स्लॅब उलट तापवतो. पक्क्या घरात राहायला गेलेली कितीतरी कुटुंबे उन्हाळ्यात अंगणातल्या जुन्या छपरीत झोपतात, हे मी दोन्ही जिल्ह्यांत पाहिले आहे.

तरीही पक्क्या घराची ओढ खोटी नाही. कुडाच्या घरात साप शिरतो, वाळवी लागते, पर्लकोटेच्या पुराने भिंत विरघळते. बांबूला आगीचे भय आहे; चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राची देखणी बांबूची इमारत उभी राहत होती, तिला फेब्रुवारी 2021 मध्ये आग लागली. घरकुल योजनेत गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात घरामागे 1 लाख 30 हजार रुपये मिळू लागले, तेव्हा लोकांनी विटा-सिमेंट निवडले यात नवल नाही. ज्याच्या घरात लेकरू साप चावून गेले आहे त्याला मातीचे गोडवे सांगायला फार धीट माणूस लागतो. वाईट वाटते ते एवढ्याचेच की निवड 'जुने की नवे' अशी मांडली जाते. जोते दगडाचे, कोपरे चुन्यात, भिंत जाड मातीची, छप्पर उंच आणि हवा खेळती, जमीन अशी की दर आठवड्याला सारवावी लागू नये, असे घर बांधता येते. फक्त ते बांधणारा गवंडी आणि बुरूड शिल्लक असायला हवा.

येथे इतिहासाची आणखी एक बाजू आहे. हात असून भागत नाही. सामानावर हक्क लागतो. इंग्रजांच्या 1878 आणि 1927 च्या वनकायद्यांनी रान सरकारचे झाले आणि ज्याच्या अंगणात बांबू वाढतो त्याला तो तोडायला परवानगी मागण्याची पाळी आली. हे उलटायला फार काळ गेला. 2006 साली वनहक्क कायदा झाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली आपला बांबू आपणच विकण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात या तारखा सापडणार नाहीत. पण कुडाच्या भिंतीच्या इतिहासात त्यांचे स्थान परकोटाच्या पायाभरणीएवढेच आहे असे मी मुलांना सांगतो.

या दोन फेऱ्यांतून मुलांच्या पदरात काय पडले? पक्के आणि कच्चे हे शब्द ती आता जरा जपून वापरतात. पक्का परकोट माणसे पाठ फिरवताच खचू लागला आणि कच्चे घर माणसे हात लावत राहिल्याने पिढ्यान् पिढ्या उभे राहिले. टिकाऊपणा दगडात किंवा सिमेंटात भरून येत नाही. तो इमारतीभोवती राहणाऱ्या माणसांच्या सवयीत असतो. ही सवय आज माडिया गावांत म्हाताऱ्या हातांत उरली आहे. मुले वसतिगृहात राहून शिकतात, ते हवेच आहे. पण सुटीत घरी गेल्यावर कुडाची गाठ मारायला त्यांना कोणी बसवले नाही, तर ती गाठ एका पिढीत संपेल, आणि मग लाख रुपये दिले तरी ती परत मिळणार नाही. आमच्या मुलीने म्हटल्याप्रमाणे त्या गाठीचे आणि त्या सारवणाचे कष्ट घरातल्या सर्वांनी वाटून घेतले, तरच ती शिकण्याची इच्छा कोणाला राहील, हेही तितकेच खरे.

वाचकांपैकी बहुतेकांना हेमलकसा दूर आहे. पण नगरफेरीला हेमलकसाच लागते असे नाही, चंद्रपूरही नाही. यंदा फराळ झाल्यावर, अंगणात किल्ला करणाऱ्या चिमण्या किल्लेदारांना हाताशी धरून आपल्याच गल्लीतून एक चक्कर मारा. आजोळचा वाडा असेल, चाळ असेल, नाहीतर परवा उभी राहिलेली उंच इमारत असेल. तिच्यासमोर उभे राहून ते तीन प्रश्न मुलांनाच विचारू द्या: सामान कोठून आले, किती जळले, आणि मोडले तर दुरुस्त कोण करणार? पहिली दोन उत्तरे कदाचित शोधावी लागतील. तिसऱ्या प्रश्नाला मात्र मुले तुमच्याच तोंडाकडे पाहतील, तेव्हा काय सांगायचे ते आधीच ठरवून घराबाहेर पडा.